डिसेंबर ते मार्च, ग्रॅड स्कूल आणि अल्ट-कंट्री: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये मी सहा हिवाळे काढले. पहिला रडत, दुसऱ्यापासून अल्ट-कंट्री ऐकत (अधूनमधून रडतही). आता तिकडे निघालेली भाचरं, मैत्रिणींचे धाकटे भाऊ, ओळखीच्यांची मुलं तेच तेच तीन प्रश्न घेऊन येतात. कुकर न्यावा का? जॅकेट इथून घ्यावं की तिकडे? आणि तू ते काय ऐकत असतेस, ते कुठून सुरू करू? पहिल्या दोन प्रश्नांचा निकाल एका ओळीत लागतो: कुकर न्या, जॅकेट तिकडे घ्या. तिसऱ्या प्रश्नाला फाटे फार फुटतात, म्हणून हे सगळं एकदाच लिहून ठेवते आहे.

अल्ट-कंट्री म्हणजे नक्की काय?

याची व्याख्या करायला बसलेल्यांनीच हात टेकलेत. १९९५ मध्ये सिअ‍ॅटलहून 'नो डिप्रेशन' नावाचं नियतकालिक निघालं. या संगीताचं ते जवळजवळ मुखपत्रच. पण त्याच्या मुखपृष्ठावरसुद्धा 'अल्टरनेटिव्ह कंट्री'च्या पुढे 'म्हणजे जे काही असेल ते' अशा अर्थाची पुस्ती जोडलेली असायची.

गोष्टीसारखं सांगते. कंट्री म्हणजे अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतून आलेलं गाणं, आणि टेनेसीतलं नॅशव्हिल हे त्याचं मुख्य गाव. १९९० च्या आसपास नॅशव्हिलचं कंट्री संगीत गुळगुळीत होत चाललं होतं. गार्थ ब्रुक्ससारखे गायक प्रचंड गर्दी खेचत होते. त्याच वेळी सेंट लुइसच्या समोर, मिसिसिपी नदीच्या अलीकडे इलिनॉयमधल्या बेलव्हिल गावात तीन शाळासोबती पंक रॉक वाजवत होते: जे फॅरार, जेफ ट्वीडी आणि माइक हायडॉर्न. बँडचं नाव अंकल टुपेलो. यांना पंक जितकं आवडे, तितकीच आजोबांच्या पिढीची जुनी कंट्री गाणी आवडत, आणि दोन्ही एकाच ताटात वाढायला त्यांना काही वाटत नसे. १९९० च्या त्यांच्या पहिल्या अल्बमचं नाव 'नो डिप्रेशन'. ते त्यांनी कार्टर फॅमिली या जुन्या गाणाऱ्या कुटुंबाच्या १९३६ च्या एका गाण्यावरून घेतलं, आणि नियतकालिकाने दोघांवरूनही.

हे असं करणारे तेच पहिले, असं मात्र नाही. साठीच्या दशकाच्या शेवटी ग्रॅम पार्सन्स नावाच्या मुलाने रॉकवाल्यांच्या घोळक्यात घुसून त्यांना कंट्री गायला लावलं होतं. १९७३ मध्ये सव्विसाव्या वर्षी तो गेला. या घराण्याचा मूळपुरुष म्हणून त्याचं नाव घेतात. हल्ली 'अल्ट-कंट्री' हा शब्द थोडा जुनाट वाटतो, दुकानात आणि ग्रॅमीत 'अमेरिकाना' म्हणतात. मी जुनाच शब्द वापरते. सवय.

म्हणजे ते हॅट, ट्रक आणि बिअरवालं कंट्रीच ना?

ट्रक असतो, पण बंद पडलेला. बिअर असते, पण ती पिणाऱ्याची बायको पुढच्या कडव्यात घर सोडून जाते. हॅट क्वचित.

याचा हिवाळ्याशी काय संबंध?

मी परभणीची. सपाट रान, नजर पोचेल तिथवर एकच पीक, याचं मला अप्रूप नव्हतं. ऑगस्टमध्ये इलिनॉय विद्यापीठात, अर्बाना-शँपेनला उतरले तेव्हा मका डोक्याच्या वर गेला होता. तीन महिन्यांनी तिथे नुसती धसकटं उरली आणि त्यावर बर्फ. त्या विद्यापीठात शेतीचं प्रस्थ एवढं, की १८७६ पासून चालत आलेल्या मक्याच्या प्रयोगाच्या शेतावर सावली पडू नये म्हणून शेजारची लायब्ररी जमिनीखाली बांधलेली होती. डिसेंबरात साडेचारला सूर्य मावळतो. मी तीनला त्या लायब्ररीत उतरायचे आणि साडेसहाला वर यायचे. संध्याकाळ नावाची गोष्ट आठवडेच्या आठवडे माझ्या दृष्टीस पडली नाही.

अशीच एकदा वर आले आणि बसथांब्यावर उभी राहिले. बस यायला अकरा मिनिटं. उणे सोळा. फोनला हात लावायचा तर हातमोजा काढावा लागतो, आणि काढला की बोटं दोन मिनिटांत बधिर. म्हणून कानात जे वाजत होतं ते बदलता येईना. रूममेटने भरून दिलेल्या यादीतलं काहीतरी होतं. नंतर पाहिलं तर सन व्होल्ट या बँडचा 'ट्रेस' हा १९९५ चा अल्बम. एक माणूस थकलेल्या, जड आवाजात गात होता. कोणाला काही पटवून द्यायची त्याला गरज दिसत नव्हती. मागे फिडल, आणि कोणीतरी लांबून हाक मारावी तसं आणखी एक वाद्य. त्या गाण्यांपायी मी बस सोडली, असं लिहायला छान वाटलं असतं. उणे सोळात बस कोणी सोडत नाही. चढले, पण उतरले ती माझ्या थांब्याच्या दोन थांबे पुढे.

नंतर विचार केला की हे इतकं का लागलं. या गाण्यांतली माणसं सतत कशाची तरी वाट बघत असतात: गाडीची, पगाराची, कोणाच्यातरी फोनची. ग्रॅड स्कूलमध्ये आपण दुसरं काय करतो? रिव्ह्यूअरची वाट बघतो, ॲडव्हायजरच्या मेलची बघतो, मशीनवर आपली पाळी यायची बघतो. वाट बघण्याला या लोकांनी चाल लावून ठेवली आहे, एवढंच.

आणि काही रेकॉर्ड तर अस्सल थंडीतल्याच आहेत. रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनने 'नेब्रास्का' १९८२ च्या जानेवारीत न्यू जर्सीतल्या भाड्याच्या घरात, साध्या चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर गाऊन ठेवला. तो कच्चा खर्डा होता, पुढे बँडबरोबर पक्का करायचा म्हणून. कॅसेट तो खिशात घालून हिंडत असे. बँडबरोबर तो करून पाहिला, जमेना, शेवटी खर्डाच छापला. थीसिस लिहिणाऱ्याने ही गोष्ट मनाशी जपून ठेवावी. टोरांटोच्या काउबॉय जंकीज या बँडने २७ नोव्हेंबर १९८७ ला एका चर्चमध्ये एकच मायक्रोफोन मधे ठेवून, भोवती बसून, 'द ट्रिनिटी सेशन' जवळजवळ सगळा एका दिवसात रेकॉर्ड केला. त्यांची गायिका मार्गो टिमिन्स इतकी हळू गाते की पहिल्यांदा मी फोनचा आवाज तपासला होता.

सुरुवात कोणत्या अल्बमपासून करू?

एकच सांगायचा तर अंकल टुपेलोचा 'मार्च १६–२०, १९९२'. नाव म्हणजे रेकॉर्डिंगच्या तारखा: पाच दिवस, जॉर्जियातलं अथेन्स, निर्माता आर.ई.एम. या रॉक बँडचा पीटर बक. ज्यांच्याकडून लोकांना कर्कश गिटारची अपेक्षा होती त्यांनी प्लग काढून ठेवले आणि जुनी लोकगीतं, कोळशाच्या खाणीतल्या मजुरांची गाणी आणि स्वतःची गाणी अशा बेताने मिसळली की कुठलं कोणाचं ते यादी बघितल्याशिवाय कळत नाही. गाणारे पंचविशीच्या आसपासचे, म्हणजे तुमच्याच वयाचे. आवाज साठीतला.

त्यानंतर ल्युसिंडा विल्यम्सचा 'कार व्हील्स ऑन अ ग्रॅव्हल रोड', १९९८. याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे. आधीच्या अल्बमनंतर हा यायला सहा वर्षं लागली. ऑस्टिनमध्ये रेकॉर्ड केला, पसंत पडला नाही. नॅशव्हिलमध्ये पुन्हा केला, पुन्हा दुरुस्त्या, मग लॉस एंजेलिस. माणसं वैतागली, तिला हट्टी म्हणाली. शेवटी ग्रॅमी मिळालं. सहाव्या वर्षात शिरलेल्या कुठल्याही पीएच.डी.वाल्याला हा इतिहास तोंडपाठ असतो आणि ॲडव्हायजरसमोर तो बोलून दाखवायचा नसतो. ही बाई एका कवी-प्राध्यापकाची मुलगी. वडील मिलर विल्यम्स यांनी १९९७ मध्ये बिल क्लिंटनच्या दुसऱ्या शपथविधीला कविता वाचली होती. तिच्या गाण्यांत गावांची नावं ठासून भरली आहेत: लेक चार्ल्स, जॅक्सन, ग्रीनव्हिल. माणूस गेला, संबंध संपला, हे ती सांगत बसत नाही. तो कुठल्या गावाला गेला ते सांगते. आपल्याकडे कोणी गेल्यावर आजी 'तो नांदेडला असताना' म्हणून सुरू करते, तसं.

तिसरा गिलियन वेल्चचा 'टाइम (द रेव्हलेटर)', २००१. दोन माणसं, दोन आवाज, गिटार, कुठे कुठे बँजो, बाकी काही नाही. शेवटचं गाणं चौदा मिनिटांच्या वर आहे. प्रयोगशाळेपासून घर पंधरा मिनिटांवर असेल तर ते याच कामासाठी लिहिलंय असं समजा.

जेहॉक्स, ओल्ड ९७'ज, ड्राइव्ह-बाय ट्रकर्स, निको केस हे पुढच्या सत्रात. पहिल्याच आठवड्यात चाळीस अल्बमची यादी करून एकही न ऐकणारे मी पाहिलेत. तेच लोक झोटेरो या संदर्भ ठेवायच्या सॉफ्टवेअरमध्ये बाराशे पेपर साठवून ठेवतात.

इतका वेळ कुठून आणायचा?

आणायचा नाही, असलेला वापरायचा. माझा मोठा शोध म्हणजे लाँड्री. इमारतीच्या तळघरात मशीन होती: धुवायला तीस मिनिटं, वाळवायला पंचेचाळीस. वर जाऊन पुन्हा खाली येण्यात अर्थ नसे, कारण वेळेत काढले नाहीत तर कोणीतरी आपले ओले कपडे मशीनच्या डोक्यावर काढून ठेवतं. म्हणून मी तिथेच पालथ्या बादलीवर बसायचे. धुताना अर्धा अल्बम, वाळताना उरलेला आणि वर आवडलेली दोन गाणी पुन्हा. ड्रायरची ऊब पाठीला, साबणाचा वास, आणि खिशात उरलेली क्वार्टरची, म्हणजे पंचवीस सेंटची, नाणी. आठवड्याला एक अल्बम नीट, पहिल्यापासून शेवटपर्यंत. एका हिवाळ्यात सोळा-सतरा होतात. पुरे झाले.

चालणं, बस आणि भांडी हे वरकड.

अभ्यास करताना ऐकू का?

वाचताना नको. या गाण्यांचा जीव शब्दांत आहे आणि दोन प्रकारचे शब्द डोक्यात एकदम मावत नाहीत. परिच्छेद चार वेळा वाचाल आणि लक्षात राहील ते कडवं. डेटा साफ करताना, आलेख रंगवताना, संदर्भसूची सरळ करताना खुशाल ऐका.

पेपर तपासताना ऐकायचं तर सांभाळून. मी एका रात्री लॅब रिपोर्ट तपासत होते, कानात ल्युसिंडाबाई. तपासलं नीट, पण गुण भरताना एक्सेलमधली एक ओळ घसरली आणि तिथून खाली प्रत्येकाचे गुण शेजाऱ्याला गेले. सकाळी नऊपर्यंत अकरा मेल. ज्याला चुकून ९१ मिळाले होते त्याचा मेल अर्थातच आला नाही.

सगळी रडगाणीच आहेत. आधीच उदास असताना हे ऐकून आणखी खचायला होत नाही का?

इंग्रजीतल्या 'डिप्रेशन' या एका शब्दाला मराठीत दोन शब्द आहेत: मंदी आणि नैराश्य. कार्टर फॅमिलीचं १९३६ चं गाणं मंदीबद्दल होतं. खाली सगळ्याची टंचाई आहे, वर स्वर्गात तरी मंदी नसेल, असा त्याचा आशय. ग्रॅड स्कूलमध्ये दोन्ही अर्थ एकाच घरात राहतात: स्टायपेंड मंदीचा, जानेवारी नैराश्याचा.

माझा अनुभव असा की दुःखी गाण्याने मी खचले नाही. उलट जबरदस्तीने आनंदी करू बघणारं काही ऐकलं की जास्त एकटं वाटे. दुःखी गाणं निदान 'हसून दाखव' म्हणत नाही. पण हा माझा अनुभव झाला, औषध नव्हे. दोन आठवडे झोप, जेवण, अंघोळ यांतलं काही धड होत नसेल, सकाळी उठण्यात अर्थ वाटत नसेल, तर अल्बम बदलत बसू नका, विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्राला फोन करा. त्याचे पैसे बहुतेक ठिकाणी फीमध्ये आधीच कापलेले असतात. उजेडाचे दिवेही मिळतात, दहा हजार लक्सचे, सकाळी अर्धा तास समोर बसायचं. मी दुसऱ्या हिवाळ्यात दोन्ही केलं, घरी दोन वर्षांनी सांगितलं. आधी सांगायला हवं होतं.

आणि खरं सांगायचं तर सगळी रडगाणी नाहीत. ओल्ड ९७'जच्या 'टू फार टू केअर'वर नाचता येतं. टेक्ससची मंडळी. नाव घेतलं तेही एका रेल्वे अपघाताच्या पोवाड्यावरून, तो भाग वेगळा.

ते मागे लांब सूर ओढणारं वाद्य कोणतं? सारंगीसारखं, पण सारंगी नाही.

पेडल स्टील गिटार. हा माझा आवडता प्रश्न आहे, चहा घेऊन बसा.

टेबलासारखं आडवं वाद्य, बहुतेक दहा तारा. डाव्या हातात धातूची कांडी, ती तारांवरून सरकवायची. उजव्या हाताच्या बोटांत नख्या. पायाखाली पेडल आणि गुडघ्यांना दांडे. पेडल दाबलं की वाजत असलेल्या ठरावीक तारा ताणल्या जातात आणि सूर चढतो, शेजारचा मात्र जागेवर राहतो. म्हणजे एक सूर स्थिर आणि दुसरा त्याच्याकडे मींड घेत येतोय, असं दोन्ही एकदम ऐकू येतं. कंट्री रेकॉर्डवर ही पेडलची करामत गाजली ती १९५४ मध्ये, वेब पिअर्स या गायकाच्या गाण्यात बड आयझॅक्सने वाजवली तेव्हापासून. त्याआधी पेडलशिवायचं साधं स्टील गिटार होतं, आणि ते आलं हवाई बेटांवरून.

आता गंमत. पाचव्या हिवाळ्यात आईशी व्हिडिओ कॉल चालू होता. मी कांदा चिरत होते, मागे स्पीकरवर गिलियन वेल्च संपून दुसरंच काही लागलं होतं. आई एकदम म्हणाली, "अगं थांब, आवाज वाढव. हे आमच्या रेडिओवरचं गिटार आहे!" मी म्हटलं, आई, ही टेनेसीची माणसं आहेत. ती ऐकेना. "दुपारी लागायचं. सिनेमाची गाणी नुसती गिटारवर. तुझी आजी तांदूळ निवडत ऐकायची."

आई बरोबर होती. हवाईयन गिटार जगभर फिरलं, तसं इकडेही आलं. ताऊ मो नावाचा हवाईचा कलावंत १९४० च्या दशकात सहकुटुंब कोलकात्यात राहत होता, वाजवत आणि शिकवत होता. पुढे मुंबईत व्हॅन शिप्ले आणि हजारा सिंग, कोलकात्यात सुनील गांगुली यांनी हिंदी गाण्यांच्या धून हवाईयन गिटारवर वाजवून घराघरांत नेल्या. ब्रिजभूषण काब्रांनी तेच वाद्य शास्त्रीय संगीतात आणलं. म्हणजे एकाच बेटावरून निघालेल्या वाद्याची एक वाट नॅशव्हिलला गेली आणि दुसरी आजीच्या तांदळाच्या सुपापर्यंत आली. तेव्हापासून पेडल स्टील लागलं की आई फोनवर बोलायची थांबते. आमच्या घरात हे सहजासहजी होत नाही.

उच्चार कळत नाहीत. शब्द कसे पकडू?

मलाही कळत नव्हते. टीओईएफएल या इंग्रजीच्या परीक्षेत ११२ पडलेले असून कळत नव्हते. पहिल्यांदा तसंच ऐका, दुसऱ्यांदा शब्द समोर घेऊन, तिसऱ्यांदा नकाशा समोर घेऊन. नकाशाची युक्ती नीट लागू पडते, कारण या गाण्यांत रस्त्यांचे आकडे, नद्या, गावं फार. आमच्या घराजवळून रात्री साडेदहाच्या सुमारास शिकागोहून न्यू ऑर्लिन्सला जाणारी गाडी जायची, भोंगा देत. ती पुढे मेम्फिसला थांबते, जॅक्सनला थांबते. अर्ध्या गाण्यांतली गावं त्या एका रुळावर आहेत हे कळलं, त्या दिवसापासून भोंग्याने झोपमोड होणं बंद झालं.

बँड सारखे फुटतात का?

प्रयोगशाळा फुटतात त्याच कारणांनी. अंकल टुपेलोत फॅरार आणि ट्वीडी दोघेही लिहिणारे, दोघेही गाणारे, आणि एकमेकांशी बोलायचे बंद झालेले. १९९४ च्या मे महिन्यात सेंट लुइसला शेवटचा कार्यक्रम झाला. फॅरारने सन व्होल्ट काढला, ट्वीडीने विल्को. तेव्हापासून ऐकणाऱ्यांत दोन तट आहेत. मी आयुष्याच्या बाजूने विल्को आणि हिवाळ्याच्या बाजूने सन व्होल्ट अशी दोन्ही दगडांवर उभी आहे.

विल्कोची पुढची गोष्ट पेपर नाकारला गेलेल्या प्रत्येकाने ऐकावी. २००१ मध्ये त्यांनी 'यांकी हॉटेल फॉक्सट्रॉट' हा अल्बम पूर्ण करून दिला. रिप्राइज या रेकॉर्ड कंपनीला तो रुचला नाही, त्यांनी सोडून दिला. बँडने गाणी आपल्या वेबसाइटवर फुकट ऐकायला ठेवली. एप्रिल २००२ मध्ये नोनसच कंपनीने तो विकत घेऊन प्रसिद्ध केला आणि तो नावाजला गेला. आता पाहा, रिप्राइज आणि नोनसच दोन्हींची मालक कंपनी एकच. म्हणजे एकाच प्रकाशकाच्या एका जर्नलने नाकारलेला पेपर त्याच प्रकाशकाच्या दुसऱ्या जर्नलने उचलला, आणि पैसे दोनदा गेले. आमच्या ऑफिसात त्या मुखपृष्ठावरच्या शिकागोच्या जुळ्या इमारतींचा फोटो भिंतीवर होता. खाली कोणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं, 'रिव्ह्यूअर दोन'.

विनायल रेकॉर्ड घ्याव्यात का?

स्टायपेंडवर? नाही. शिवाय सामान बांधून परतताना रडाल. सार्वजनिक लायब्ररीत सीडी फुकट मिळतात, जुन्या सामानाच्या दुकानात सीडी प्लेअर पाच-सात डॉलरला. सीडीचा फायदा असा की आतली पुस्तिका वाचता येते, कोण कुठे काय वाजवतंय ते कळतं.

रेडिओही विसरू नका. अमेरिकेत एफएमवर ८८ ते ९२ हा पट्टा बिनव्यापारी केंद्रांसाठी राखीव आहे. विद्यापीठांची आणि गावकऱ्यांची केंद्रं तिथेच सापडतात. रात्री दोनला एखादी द्वितीय वर्षाची मुलगी जांभई देत हँक विल्यम्स हा जुना कंट्री गायक लावते आणि नाव चुकीचं सांगते. स्ट्रीमिंगवर ही मजा नाही.

लाइव्ह कुठे ऐकायचं?

शिकागोला जाणं होत असेल तर ओल्ड टाउन स्कूल ऑफ फोक म्युझिक बघा, १९५७ पासून चालू आहे, शिकवतातही. गावातल्या गावात बारमध्ये, कॉफीच्या दुकानात, कोणाच्या दिवाणखान्यात होतं. तिकीट कमी, माणसं चाळीस.

बारच्या दारात दाखवायचं ओळखपत्र म्हणून पासपोर्ट खिशात घेऊन बर्फातून हिंडू नका, राज्याचं ओळखपत्र आधी काढून ठेवा. कानात बोळे घाला. शेवटची बस कितीची आहे ते आधी बघा. मी बघितलं नव्हतं. कार्यक्रम संपला तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं, बस गेलेली, घर तीन किलोमीटर. गाणाऱ्या बाई स्वतः गिटारची पेटी गाडीत चढवत होत्या. त्यांनी विचारलं, मुली, कुठे जायचंय? आणि पेडल स्टीलच्या खोक्याशेजारी बसवून घरापर्यंत सोडलं. वाटेत त्यांनी विचारलं, तुझा विषय काय? मी म्हटलं, मातीतला नायट्रोजन. म्हणाल्या, यावर गाणं होईल.

अजून तरी झालेलं नाही.

सगळे गोरेच असतात तिथे. मला परकं वाटणार नाही का?

वाटेल. मला वाटलं. चाळीस माणसांत मी एकटी सावळी असे आणि कोणी वाईट वागलं नाही तरी ते जाणवतंच. पण हे संगीत गोऱ्यांचं आहे, ही समजूत मात्र सोडा. बँजो मूळचा आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचा. कार्टर फॅमिलीतले ए. पी. कार्टर गाणी गोळा करत डोंगरात हिंडत, तेव्हा त्यांच्यासोबत लेस्ली रिडल हा कृष्णवर्णीय गिटारवादक असे. चाली तो लक्षात ठेवायचा. हँक विल्यम्सला पोरवयात गिटार शिकवली ती अलाबामातल्या रूफस पेन या कृष्णवर्णीय रस्त्यावरच्या गायकाने. नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्री या रेडिओ कार्यक्रमाच्या पहिल्या लोकप्रिय कलावंतांत माउथ ऑर्गन वाजवणारा डिफर्ड बेली होता, तोही कृष्णवर्णीय. पण रेकॉर्ड कंपन्यांनी रेकॉर्डच्या याद्या कातडीच्या रंगानुसार वेगळ्या केल्या आणि नावं पुसली गेली. रायनन गिडन्स आणि तिचा बँड कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स यांनी ती पुन्हा लिहायला घेतली. त्यांचा २०१० चा अल्बम ऐका.

आणि गिलियन वेल्चवरही टीका झालीच होती, की ही लॉस एंजेलिसमध्ये वाढलेली, हिने डोंगरातली गाणी का गावीत. ती गात राहिली.

रूममेट वैतागला आहे.

हेडफोन घ्या. नाहीतर त्याला पोहे करून द्या आणि एक अल्बम मागून घ्या. माझ्या रूममेटनेच मला हे लावलं आणि तिसऱ्या वर्षी तीच म्हणाली, आता बास.

मार्च संपत आला. आता काय ऐकू?

मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे जातं आणि सूर्य अचानक सातपर्यंत टिकायला लागतो. रस्त्याकडेचे बर्फाचे ढीग तोवर काळे पडलेले असतात. तेव्हा जेहॉक्स काढा. मिनियापोलिसची मंडळी, म्हणजे आपल्यापेक्षा जास्त थंडी खाल्लेली. मार्क ओल्सन आणि गॅरी लूरिस दोघे एकदम गातात, आणि मूळ चाल कोणाची, साथ कोणाची, हे सांगता येत नाही. १९९५ चा अल्बम आहे 'टुमॉरो द ग्रीन ग्रास'. वर्षात पहिल्यांदा जॅकेटशिवाय बाहेर पडायचे, त्या दिवशी मी तो लावायचे. एका वर्षी तो दोनदा लावावा लागला, कारण मधे एप्रिलमध्ये पुन्हा बर्फ पडला.